अंगणात तरणतलाव बांधायचा आहे: खोदण्यापूर्वी काय काय ठरवावे?

अंगणवासी

घराच्या मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव बांधण्याचे आमच्याकडे गेली दोन वर्षे घाटत आहे आणि आता निर्णय जवळजवळ झाला आहे. मोकळी जागा १४ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद आहे. तलाव ८ बाय ४ मीटरचा, उथळ टोकाला १.१ मीटर आणि दुसऱ्या टोकाला १.७ मीटर खोल असावा, असे मनात आहे. सरासरी खोली १.४ मीटर धरली, तर सुमारे ४५ हजार लिटर पाणी लागेल.

तीन कंत्राटदार जागा पाहून गेले. आकार, फरशीचा रंग आणि दिवे यांविषयी तिघेही भरभरून बोलले, एकाने तर रात्रीचे दृश्यही संगणकावर दाखवले. पण खाली जमीन कोणती आहे आणि पावसाळ्यात पाणी कुठवर चढते, हे एकानेही विचारले नाही. ते मला खटकले, म्हणून हा धागा काढत आहे. काँक्रीटचा तलाव घ्यावा की तयार फायबरचा, पंप आणि गाळणयंत्र कुठे ठेवावे, आणि मुख्य म्हणजे कोणत्या क्रमाने विचार करावा, याविषयी अनुभवी सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ओळंबा

आपल्याला जे खटकले, तिथूनच सुरुवात करावी. तलाव म्हटला की प्रत्येक जण आतल्या पाण्याचा विचार करतो. माझे निम्मे आयुष्य काँक्रीटच्या टाक्यांचे आराखडे करण्यात गेले आहे, आणि माझे मत असे की आतल्या पाण्यापेक्षा बाहेरच्या पाण्याचा विचार आधी करावा.

तुमच्याच मापांवर हिशेब करून पाहू. भिंती आणि तळ २० सेंटिमीटर जाडीचे धरले, तर बाहेरचे माप ८.४ बाय ४.४ मीटर, म्हणजे सुमारे ३७ चौरस मीटर होते. तळ आणि भिंती मिळून १४ घनमीटरांहून थोडे अधिक काँक्रीट लागेल आणि त्याचे वजन ३४ टनांच्या आसपास भरेल. आता जमिनीतले पाणी तळाच्या खालच्या पातळीपेक्षा एक मीटर वर चढले, असे समजा. दर चौरस मीटरला एक टन या हिशेबाने ते पाणी तलावाला ३७ टनांच्या जोराने वर ढकलेल. तलाव भरलेला असेल, तर आतले ४५ टन पाणी त्याला दाबून धरते आणि काहीही होत नाही. तोच तलाव रिकामा असेल, तर ३४ टनांची ती पेटी होडीसारखी तरंगू पाहते. भोवतीच्या मातीचे घर्षण थोडी मदत करते, पण ओल्या मातीच्या भरवशावर मी कुणालाही सही करून देणार नाही.

यावरचे उपाय खर्चिक नाहीत, मात्र ते काँक्रीट पडण्यापूर्वीच करावे लागतात. तळाखाली १५ ते २० सेंटिमीटर खडीचा थर द्यावा, खडीत माती मुरू नये म्हणून खाली आणि बाजूंनी गाळणीचे कापड घालावे, थरात भोके पाडलेला नळ आडवा टाकावा आणि त्याचे एक टोक तलावाच्या कडेला उभ्या नळातून जमिनीच्या वर आणावे. त्या उभ्या नळात दोरीला वजन बांधून सोडले, की खाली पाणी कुठवर आहे ते दोन मिनिटांत कळते, आणि गरज पडल्यास त्यातूनच पाणी उपसता येते. तळाच्या गटारकुंडीत दाबमुक्तीची झडप मिळते. बाहेरचा दाब आतल्यापेक्षा वाढला की ती उघडते आणि जमिनीतले पाणी आत घेते. ती अवश्य बसवावी, पण तिच्यात एक खडा अडकला तरी ती निकामी होते, म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नये.

तेव्हा आधी खड्डा खणून पाहावा. तलावाच्या नियोजित तळापेक्षा अर्धा मीटर खोल, दोन ठिकाणी, आणि शक्यतो पावसाळ्याच्या अखेरीस, कारण तेव्हा भूजल सर्वांत वर असते. खड्ड्यावर झाकण ठेवून आठवडाभर रोज पातळी मोजावी. खणताना माती हातात घेऊन पाहावी. मुरूम लागला तर उत्तम. फुगणारी चिकणमाती लागली, तर ती ओली झाल्यावर भिंती आत ढकलते आणि सुकल्यावर मागे सरते; अशा जमिनीत ती माती काढून मुरमाचा भराव करावा लागतो.

तळठाव

ओळंबा यांनी वर लिहिले आहे, ते आमच्या बाबतीत घडले. तलाव नऊ वर्षे उत्तम चालला. फरशा निघू लागल्या, म्हणून पावसाळा संपताच दुरुस्तीला घेतला, एका रात्रीत पंप लावून रिकामा केला आणि सकाळी कामगार येण्यापूर्वी मी सहज काठावर गेलो. काठाची फरशी आणि तलावाची कड यांच्यामध्ये खोल बाजूला माझी चार बोटे आडवी मावतील इतकी फट पडली होती आणि कड वर आली होती. आवाज कुणालाही आला नव्हता. परतीचे नळ, म्हणजे गाळलेले पाणी तलावात परत आणणारे, भिंतीपाशीच मोडले होते. कंत्राटदाराने आमच्याकडे बोट दाखवले, आम्ही त्याच्याकडे; उभा नळ मात्र कुणीच बसवलेला नव्हता. तलाव पुन्हा खाली बसला नाही, कारण खालच्या पोकळीत तोवर गाळ शिरला होता.

एक खबरदारी सांगतो. तलाव रिकामा करायचाच असेल, तर तो कोरड्या हंगामात, आधी बाहेरची पातळी पाहून आणि टप्प्याटप्प्याने करावा. एरवी त्यातले पाणी ही त्याच्या बांधणीचीच एक बाजू समजावी.

अंगणवासी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. खड्डे खणण्याचे काम या आठवड्यातच करून घेतो. तयार फायबरच्या तलावाला हा धोका कमी असतो का?

ओळंबा

उलट अधिक असतो. फायबरचे कवच हलके असल्यामुळे तरंगायला त्याला फार कमी पाणी पुरते. त्याचे फायदे वेगळे आहेत: काम थोड्या दिवसांत होते, आतला पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने शेवाळ कमी धरते, आणि पाण्याच्या क्षारांचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. पण आकार साच्यातलाच घ्यावा लागतो आणि आख्खे कवच क्रेनने उचलून आत आणावे लागते. तुमच्या अंगणात क्रेनचा हात पोहोचतो का, हे आधी पाहा.

पोहोचण्याचा प्रश्न काँक्रीटच्या तलावालाही आहेच. काम करायला जागा हवी म्हणून खड्डा सुमारे १० बाय ६ मीटरचा आणि १.८ मीटर खोल होईल, म्हणजे १०८ घनमीटर. उकरलेली माती पावपट तरी फुगते. सहा घनमीटरच्या गाडीच्या बाविसेक खेपा धरा आणि त्या गाड्या कुठून येणार, कुठे वळणार, हे कागदावर काढून ठेवा.

पाणचक्की

मी पंप आणि नळांचे काम करतो, म्हणून माझ्या भागापुरते लिहितो. (पूल हा शब्द टाळून सगळे जण तलाव म्हणत आहेत, हे पाहून बरे वाटले, पूल म्हटला की मला अजूनही नदीवरचाच आठवतो.)

पंप निवडताना अश्वशक्तीपासून सुरुवात करण्याची पद्धत चुकीची आहे. आधी तलावातले सगळे पाणी गाळणयंत्रातून एकदा जायला किती तास द्यायचे, ते ठरवावे. घरगुती तलावाला सहा ते आठ तास चालतात. सहा तास धरले, तर ४५ घनमीटरांसाठी तासाला साडेसात घनमीटर प्रवाह हवा. ओढणीच्या नळात, म्हणजे तलावातले पाणी पंपाकडे ओढून आणणाऱ्या नळात, पाण्याचा वेग सेकंदाला १.८ मीटरपेक्षा जास्त नसावा. ४० मिलिमीटर व्यासाच्या नळात हा वेग १.६५ मीटरपर्यंत जातो, म्हणजे कागदावर बसतो. पण ५० मिलिमीटरच्या नळात तोच १.१ मीटरच्या खाली येतो आणि घर्षण इतके कमी होते की लहान पंपही पुरतो. नळ एकदाच गाडला जातो, पंप मात्र रोज वीज खातो. म्हणून नळ मोठा आणि पंप लहान, हे सूत्र मी सोडत नाही.

कमीजास्त वेगाचा पंप घेतल्यास आणखी बचत होते. वेग निम्मा केला, की प्रवाह निम्मा होतो, पण लागणारी शक्ती साधारण आठव्या हिश्श्यावर येते. दुप्पट वेळ चालवूनही वीज पावपटच लागते, शिवाय वाळूतून पाणी सावकाश गेल्यामुळे ते अधिक चांगले गाळले जाते.

पंपघर तलावाच्या जवळ असावे, पण अगदी काठाला नको. पंप पाण्याच्या पातळीच्या वर बसवणार असाल, तर ओढणीच्या नळाला तलावापासून पंपापर्यंत सलग चढ हवा. मध्ये कुठे उंटासारखा कुबड आला, की तिथे हवा साठते आणि पंपाला पाणी ओढता येत नाही. पातळीच्या खाली बसवल्यास ही अडचण येत नाही, मात्र प्रत्येक नळावर बंद करण्याची झडप लागते, नाहीतर पंपाची जाळी साफ करायला झाकण उघडले की आख्खा तलाव पंपघरात यायला निघतो. हे मी एकदा स्वतःच्या पायांवर अनुभवले आहे.

स्किमर, म्हणजे वरचा कचरा ओढणारी खिडकी, वारा ज्या बाजूला वाहतो त्या बाजूच्या भिंतीत ठेवावी आणि पाणी परत सोडणारी तोंडे समोरच्या भिंतीत. पाने वाऱ्यानेच खिडकीपर्यंत येतात. ही बाजू चुकली, तर जाळी घेऊन रोज तुम्हालाच फिरावे लागेल.

गाळणयंत्रांत वाळूचे यंत्र सर्वांत सोपे. ते साधारण २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचे कण अडवते. कागदी नळकांड्यांचे यंत्र १० ते १५ मायक्रॉनपर्यंत जाते आणि त्याला उलट धुणीचे, म्हणजे साचलेला मळ काढायला यंत्रातून उलट दिशेने सोडायचे, पाणी लागत नाही, पण नळकांडी बाहेर काढून धुवावी लागतात. वाळूचे यंत्र घेतले, तर उलट धुणीचे शेकडो लिटर पाणी कुठे सोडणार, हे आधी ठरवा. ते क्लोरीनचे पाणी झाडांच्या मुळाशी सोडू नका.

काठावरची

मला पोहता येत नाही. घरात दोन लहान मुले आहेत आणि तलावही आहे, म्हणून मी या धाग्यात आले. दिवे आणि पंपावर एवढे लिहून झाले, पण कुंपणाचा शब्द अजून कुणी काढला नाही.

बुडणारे मूल हाका मारत नाही. तोंड पाण्याच्या वर येते तेवढ्यात त्याला श्वास घ्यायचा असतो, ओरडायला उसंतच मिळत नाही, आणि सगळे अर्ध्या-एक मिनिटात संपते. म्हणून कुंपण तलावाच्या चारही बाजूंनी हवे. घराची भिंत ही चौथी बाजू मानली, तर घराचे मागचे दारच तलावात उघडते, हे लक्षात घ्यावे. उंची किमान १.२ मीटर, गजांमधली फट १० सेंटिमीटरपेक्षा कमी, पाय ठेवायला आडव्या पट्ट्या नकोत, आणि फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारे व आपोआप मिटणारे. आमच्या फाटकाची स्प्रिंग सैल झाली होती आणि ते बोटभर उघडे राहत होते. महिनाभर मी रोज ते हाताने लावत होते आणि एक दिवस विसरले. त्या दिवशी काही झाले नाही, एवढेच. दुसऱ्या दिवशी स्प्रिंग बदलली. तुमच्या कंत्राटदाराच्या यादीत कुंपण सर्वांत शेवटी असेल, तर ते पाणी भरण्याच्या आधी आणायला सांगा.

पाणचक्की

काठावरची यांचा मुद्दा मीच आधी लिहायला हवा होता. त्याला जोडून एक गोष्ट: तळाचे ओढणीचे तोंड एकच नको. दोन असावीत, त्यांच्यात ९० सेंटिमीटरांहून अधिक अंतर असावे आणि दोन्ही एकाच नळाला जोडलेली असावीत. एकावर अंग किंवा केस अडकले, तरी ओढ दुसऱ्याकडे वळते आणि माणूस सुटतो. वरची जाळी फुगीर आणि केस न अडकणारी घ्यावी. ती तुटली असेल, तर बदलेपर्यंत पंप बंद ठेवावा. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचेच घ्यावेत आणि त्यांचा ट्रान्सफॉर्मर तलावापासून दूर असावा. सर्व विद्युतजोडणीला ३० मिलिअँपिअरवर तुटणारे संरक्षण हवे. शिडी, पंपाचे अंग आणि काँक्रीटमधल्या सळया तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडून घ्याव्यात. सळया झाकल्या गेल्यावर ही जोडणी करता येत नाही, म्हणून काँक्रीट पडण्याच्या आदल्या दिवशी वायरमनला बोलवा.

क्षारपड

पाण्याच्या रसायनाविषयी थोडेसे, कारण बांधताना त्याचा विचार कुणी करत नाही आणि नंतर सगळे त्याच्याशीच झगडतात. क्लोरीन किती घातले, याइतकेच पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याचे माप) किती आहे, हेही महत्त्वाचे असते. सामू ७.५ असताना क्लोरीनचा निम्मा भाग जंतू मारणाऱ्या रूपात असतो आणि सामू ८ झाला, की तो पावपटीवर येतो. नव्या सिमेंटचा गिलावा पहिले काही आठवडे पाण्याचा सामू सतत वर ढकलतो. त्या काळात रोज मोजणे, रोज थोडे आम्ल घालणे आणि भिंती ब्रशने घासणे, याला पर्याय नाही. सामू ७.२ ते ७.८, मुक्त क्लोरीन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम, एकूण अल्कता ८० ते १२० आणि कॅल्शियमची कठीणता २०० ते ४०० मिलिग्रॅम, असे ठेवावे. पाण्यात कॅल्शियम फार कमी असेल, तर ते पाणी गिलाव्यातूनच ते ओढून घेते आणि पृष्ठभाग खरखरीत होतो.

तलावाला येणारा उग्र वास क्लोरीन जास्त झाल्याचा असतो, असा समज आहे. तो वास घाम आणि इतर मळाशी जोडल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो, म्हणजे बहुतेक वेळा क्लोरीन कमी पडल्याची ती खूण असते. मिठाच्या यंत्राविषयी कुणी विचारण्याआधीच सांगतो: ते यंत्रही क्लोरीनच तयार करते, फक्त डबा उचलण्याचे काम वाचवते. आणि आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, आम्लात पाणी ओतू नये.

अंगणवासी

सर्वांचे प्रतिसाद छापून कंत्राटदारापुढे ठेवले आहेत. खड्ड्यांचा वृत्तांत असा. पहिले दोन दिवस दोन्ही खड्डे कोरडे होते आणि मला वाटले की सुटलो. तिसऱ्या दिवशी सकाळी झाकण काढले, तर घराकडच्या खड्ड्यात तळाला पाणी चमकत होते. सातव्या दिवशी ते जमिनीच्या ७० सेंटिमीटर खाली येऊन थांबले आणि त्यानंतर हलले नाही. दुसऱ्या खड्ड्यातही जवळजवळ तेवढेच. वरचा मीटरभर थर चिकणमातीचा आहे आणि खाली मऊ मुरूम. आता जागा बदलावी की बेतच सोडावा?

ओळंबा

बेत सोडण्याचे कारण नाही, तलाव थोडा वर उचला. तुमच्या तळाची खालची पातळी सरासरी १.६ मीटर खाली आहे. पाणी ७० सेंटिमीटरवर असेल, तर तळाला ९० सेंटिमीटर पाण्याचा रेटा, म्हणजे ३३ टन. पेटी ३४ टनांची. असा एका टनाचा फरक हातात घेऊन मला झोप येणार नाही. तोच तलाव अर्धा मीटर जमिनीच्या वर काढला, तर रेटा ४० सेंटिमीटरचा, म्हणजे १५ टनांच्या आत येतो आणि वजन त्याच्या दुपटीहून अधिक राहते. खोदकाम कमी होते, मातीच्या खेपा कमी होतात आणि काठावर बसायला आपसूक ओटा मिळतो. वरच्या अर्ध्या मीटर भिंतीला बाहेरून मातीचा आधार नसेल, म्हणून ती पाण्याचा दाब एकटीने पेलेल अशी सळई मात्र अभियंत्याकडूनच काढून घ्या. खडीचा थर आणि उभा नळ हे दोन्ही तरीही घालायचेच आहेत.

आणखी दोन गोष्टी कामावर उभे राहून पाहा. काँक्रीट फवारून करणार असतील, तर भिंतीवर आपटून खाली पडलेला माल ढिगाऱ्याने साठतो आणि कामगार तोच पायऱ्यांमध्ये भरून टाकतात. त्यात सिमेंट कमी आणि खडी जास्त असते. तो फेकायलाच लावा. आणि भिंतीतून जाणारा प्रत्येक नळ काँक्रीटसोबतच बसवून घ्या. नंतर छिन्नीने भोक पाडून बसवलेला नळ आज ना उद्या गळतो.

काठावरची

ओटा झाला, म्हणून कुंपण कमी करू नका. मुले ओट्यावर सहज चढतात.

अंगणवासी

बऱ्याच महिन्यांनी लिहीत आहे. तलाव अर्धा मीटर वर उचलून बांधला. पायऱ्यांतला पडीक माल मी स्वतः उभा राहून फेकायला लावला आणि त्यावरून मुकादमाने दोन दिवस माझ्याशी बोलणे टाकले. काँक्रीटवर चार आठवडे पाणी मारले. फरशी लावण्यापूर्वी तलाव भरून आठवडाभर ठेवला, तेव्हा एका नळाभोवती ओल दिसली, ती काढून घेतली. कुंपण पाण्याच्या आधी उभे राहिले. उभ्या नळात आज पाणी दीड मीटर खाली आहे.

तलाव गळतो का, हे पाहायला काल बादलीची परीक्षा केली: बादलीतले पाणी फक्त वाफ होऊन उतरते, तलावातले त्याहून जास्त उतरले तर गळती समजायची. बादलीत तलावाइतक्याच पातळीला पाणी भरून ती दुसऱ्या पायरीवर ठेवली, आत आणि बाहेर पेन्सिलीने खूण केली आणि २४ तासांनी पाहिले. बादलीतले पाणी ५ मिलिमीटर उतरले होते, तलावातले ५ आणि थोडे.

ओळंबा

थोडे म्हणजे किती? तुमच्या तलावात एक मिलिमीटर म्हणजे ३२ लिटर. पंप चालू होता की बंद?

अंगणवासी

चालू होता. फरक मिलिमीटरभर असेल, पेन्सिलीची रेघच तेवढी जाड आहे.

पाणचक्की

आज पंप बंद ठेवून पुन्हा मोजा आणि पेन्सिलीऐवजी चिकटपट्टीची कड वापरा. बंद असताना दोन्ही सारखे उतरले, तर परतीच्या नळाचा एखादा सांधा पाहावा लागेल. पंपघरातल्या झडपेपासून सुरुवात करा, तिथे खणावे लागत नाही.